ध्रुवीय मोहिमेतला वैमानिक : उड्डाण कमी, हमाली जास्त?

उत्तरवारा
अमेरिकी नौदल अधिकारी रिचर्ड बर्डच्या १९२८-३०च्या अंटार्क्टिक मोहिमेचा हिशोब मांडला की एक गंमत दिसते. लिटल अमेरिका तळावर हिवाळाभर ४२ माणसं राहिली. विमानं तीन: फोर्डचं तीन इंजिनांचं, एक फेअरचाइल्ड, एक फोकर. ज्या उड्डाणासाठी एवढा खटाटोप केला ते दक्षिण ध्रुवावरचं उड्डाण २८-२९ नोव्हेंबर १९२९ला झालं आणि वाटेत पेट्रोल भरायला थांबूनही १९ तासांच्या आत आटोपलं. नाव झालं बर्डचं. विमान हाकणारा होता बर्न्ट बाल्खेन, हे कितीजणांना ठाऊक आहे?

तर प्रश्न असा की उरलेले महिने वैमानिक करत काय होता? एप्रिल ते ऑगस्ट सूर्यच नाही, म्हणजे उडणं जवळपास बंद. माझं मत स्पष्ट सांगतो: या मोहिमांत वैमानिक म्हणजे भाड्याने आणलेला ड्रायव्हर होता, आणि त्यातही बहुतेक वेळ बिनकामाचा. जाणकारांनी खोडून काढावं. १९२५ ते १९३६ एवढाच काळ धरू, नाहीतर धागा भरकटेल.

तेलपाना
बिनकामाचा? इंजिन सुरू करणं हेच तिथे अर्ध्या दिवसाचं काम होतं. सविस्तर लिहितो.

त्या काळातलं विमानाचं तेल म्हणजे जाड खनिज तेल. उणे १०-१५ अंशांच्या आसपास ते वाहायचंच बंद होतं, उणे ४०ला तर डांबरासारखं घट्ट. अशा तेलात अडकलेलं इंजिन हाताने फिरत नाही. जोर लावून फिरवलंच तर पंपाला तेल ओढता येत नाही आणि बेअरिंग कोरडी चालून मिनिटा-दोन मिनिटांत जातात.

म्हणून काम सुरू व्हायचं ते विमान उतरल्या क्षणापासून. इंजिन बंद केलं की लगेच, तेल गरम असतानाच, खालची तोटी उघडून सगळं तेल डब्यांत काढायचं. एका इंजिनामागे वीस-चाळीस लिटर. पाच-दहा मिनिटं उशीर झाला की धार बारीक होते, मग थेंब थेंब, मग तेही नाही. टाकीच्या तळाशी राहिलेला गोळा काढायला पुढच्या वेळी तासभर जातो. डबे नेऊन झोपडीत किंवा तंबूत ठेवायचे.

उडायच्या आधी इंजिनावर जाड कॅनव्हासची झूल टाकायची, थेट बर्फापर्यंत लोंबणारी, म्हणजे इंजिनाभोवती तंबूच होतो. आत ब्लोटॉर्च किंवा मोठे स्टोव्ह पेटवायचे. थंडीप्रमाणे तास, दीड तास, वारा असेल तर दोन. सिलिंडरच्या बुडाला हात लावून गरम लागलं पाहिजे, नुसती टोकं तापून उपयोग नाही. त्याच वेळी दुसरा माणूस तेलाचे डबे स्टोव्हवर चढवतो. तेल चांगलं पातळ झालं की पळत आणून ओतायचं, झूल काढायची आणि ताबडतोब इंजिन सुरू करायचं.

आता खरी गोम. इंजिन पहिल्या काही मिनिटांत पेटलं नाही, तर ओतलेलं तेल थंड इंजिनात परत घट्ट व्हायला लागतं. म्हणजे पुन्हा तोटी उघडा, पुन्हा डबे, पुन्हा झूल, पुन्हा स्टोव्ह. तोवर हवामान बदललेलं असतं.

फुलपात्र
आधी तेलोबा, मग पायलटोबा!

अर्धाकप
बाळबोध प्रश्न: इंजिन चालूच ठेवायचं ना मग? किंवा तेलात थोडं पेट्रोल मिसळायचं, आपोआप पातळ.

तेलपाना
@अर्धाकप, प्रश्न बाळबोध नाही. चालू ठेवलं तर पेट्रोल जळतं, आणि पेट्रोलचा प्रत्येक डबा जहाजातून, बर्फावरून, कुत्र्यांच्या गाडीवरून आलेला. शिवाय मंद चालणाऱ्या इंजिनात उष्णता पुरेशी होत नाही, प्लग काळे पडतात.

पेट्रोल मिसळायची युक्ती बरोबर आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात ती सर्रास वापरली गेली. इंजिन बंद करण्याआधी तेलात मोजून पेट्रोल सोडायचं, पुन्हा सुरू केल्यावर गरम तेलातून ते उडून जातं. त्यासाठी मोजणारी झडप हवी आणि किती मिसळायचं याचा अनुभव हवा. अंदाजाने ओतलं तर तेलाचा थर इतका पातळ होतो की बेअरिंगचा जीव जातो.

कंदीलवाला
झुलीखालच्या स्टोव्हबद्दल दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे आग. पंखाचं कापड, त्यावरचं डोप (कापड ताठ करणारं, झटकन पेटणारं रोगण), कार्ब्युरेटरमधून गळणारं पेट्रोल आणि खाली उघडी ज्योत. म्हणून एक माणूस झुलीच्या आत सतत बसलेला, हाताशी आग विझवायचं नळकांडं. दुसरं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद कॅनव्हासखाली स्टोव्ह अर्धवट जळतो. डोकं जड झालं तर थंडीने झालं असं वाटतं आणि माणूस उबेला बसून राहतो. दर थोड्या वेळाने झूल उचलून बाहेर यायचं, कितीही जिवावर आलं तरी.

पेट्रोल भरणं हाही प्रकारच. डब्यांत बर्फाचे बारीक कण असतात. ते इंधनाच्या नळीत गेले की वर गेल्यावर इंजिन खोकायला लागतं. म्हणून नरसाळ्यात शॅमॉय चामडं घालून गाळायचं. त्यातून पेट्रोल जातं, पाणी अडतं. मात्र हातावर सांडता कामा नये. उणे ४०ला पेट्रोल गोठत नाही, तितकंच थंड राहून उडायला लागतं आणि त्वचा क्षणात मारून टाकतं.

पाचपेडी
बोटांचा विषय निघालाय तर वैमानिक कार्ल बेन आयलसन. मार्च १९२७, अलास्कातल्या पॉइंट बॅरोवरून मोहिमेचा प्रमुख विल्किन्स याला घेऊन स्टिन्सन विमानातून समुद्रावरच्या बर्फावर गेला. इंजिन कुरकुर करू लागलं म्हणून बर्फावर उतरले. विल्किन्सला समुद्राची खोली मोजायची होती: बर्फाला भोक पाडायचं, सुरुंगाच्या टोपीचा आवाज करायचा, प्रतिध्वनी ऐकायचा. इंजिन चालू असताना तो ऐकू येईना, म्हणून ते बंद करायला लावलं. शेकडो मैल आत, उणे तापमानात, आधीच दुखणाईत असलेलं इंजिन बंद! सुरू झालं नशिबाने. पुढे पुन्हा बिघडलं. या सगळ्या दुरुस्तीत आयलसनची बोटं गोठली, कारण कार्ब्युरेटरचे स्क्रू आणि प्लग जाड हातमोज्यांनी धरता येत नाहीत. शेवटी अंधारात, वादळात, पेट्रोल संपून विमान वाहत्या बर्फावर उतरवलं. वादळ ओसरल्यावर दोघे चालत किनाऱ्याला लागले. एक बोट गेलंच.

आणि याच आयलसनने पुढच्या वर्षी, १५-१६ एप्रिल १९२८ला, विल्किन्सलाच घेऊन बॅरो ते स्पिट्सबर्गन (नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं बेट) सलग २० तास २० मिनिटं विमान नेलं. लॉकहीड व्हेगा, एकच राइट व्हर्लविंड इंजिन.

उत्तरवारा
ठीक, इंजिनापुरतं मान्य. पण ही कामं मेकॅनिकची नाहीत का? वैमानिकाच्या खात्यात कशी टाकता?

तेलपाना
आयलसनच्या त्या विमानात मेकॅनिक होता कुठे? दोनच माणसं: एक चालवणारा, एक मोहिमेचा मालक. तिसऱ्या माणसाचं वजन म्हणजे तेवढं पेट्रोल कमी. छोट्या विमानात वैमानिकच मेकॅनिक असायचा.

दक्षिणकडा
आता दिशेचं बोला. ड्रायव्हरला रस्ता असतो, इथे काय होतं?

चुंबकीय होकायंत्र चुंबकीय ध्रुवाजवळ जवळपास कुचकामी. पृथ्वीचं चुंबकत्व तिथे सुईला आडवं ओढण्याऐवजी खाली ओढतं. आडवी ओढ क्षीण, त्यात इंजिनाची थरथर आणि वळताना होणारी चूक, त्यामुळे सुई गरगर फिरत राहते. शिवाय रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येतात, म्हणजे सरळ उडत असलात तरी तुमची 'उत्तरेशी केलेली दिशा' मिनिटामिनिटाला बदलते.

यावर उपाय होता सूर्य-होकायंत्र. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे मुख्य नकाशाकार आल्बर्ट बमस्टेड यांनी केलेलं बर्डने १९२६ला आणि १९२९लाही वापरलं. कल्पना साधी आहे. २४ तासांत एक फेरा करणारं घड्याळ, त्यावर सावली पाडणारी काडी. ध्रुवाजवळ सूर्य दिवसभर जवळपास त्याच उंचीवरून क्षितिजाला प्रदक्षिणा घालतो, तासाला १५ अंश. घड्याळाचा काटा त्याच वेगाने उलट फिरवला की सूर्याचं फिरणं वजा होतं. सावली खुणेवर धरून ठेवा, विमान सरळ रेषेत जातं.

चुका कुठे होतात? घड्याळ ४ मिनिटं चुकलं तर दिशा १ अंशाने चुकते. ढग आले तर यंत्र आंधळं. आणि ते दाखवतं फक्त विमानाचं नाक कुठे आहे ते. वारा तुम्हाला बाजूला किती ढकलतोय हे खाली बघून, ड्रिफ्ट मोजून काढायचं. खाली सलग पांढरं असेल तर मोजणार कशावर?

फुलपात्र
म्हणजे 'सूर्य बघून घरी ये' हे आपल्याकडे गुरांना सांगतात ते यांनी घड्याळ लावून केलं.

शून्यखाली
@दक्षिणकडा, उंचीमापक विसरलात, मला तर तो जास्त धोकादायक वाटतो. उंचीमापक खरं तर हवेचा दाब मोजतो आणि ठरावीक तापमानाची हवा गृहीत धरतो. हवा थंड असली की ती दाट होते, दाब कमी अंतरात झपाट्याने उतरतो, आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. ढोबळ हिशोब: ठरलेल्यापेक्षा दर १० अंश सेल्सिअस थंडीला ४ टक्के चूक. ३० अंश जास्त थंडी असेल आणि काटा १०,००० फूट दाखवत असेल, तर तुम्ही प्रत्यक्षात ८,८००च्या आसपास आहात. समोर खिंड असेल तर हे १,२०० फूट म्हणजे सगळंच.

दक्षिणकडा
बरोबर. आणि बर्डच्या दक्षिण ध्रुवावरच्या उड्डाणात अशीच खिंड होती. लिव हिमनदीवरून पठारावर चढायचं. फोर्डच्या नाकावर एक सायक्लोन इंजिन, दोन बाजूंना लहान व्हर्लविंड. पेट्रोलने आणि आणीबाणीच्या सामानाने जड झालेलं विमान वर चढेना. वजन फेकायचं तर पेट्रोल की अन्न? पेट्रोल टाकलं तर ध्रुव नाही किंवा परत येणं नाही. अन्न टाकलं आणि पठारावर उतरावं लागलं तर उपासमार. अन्नाच्या दोन पिशव्या बाहेर गेल्या आणि विमान खिंड ओलांडून गेलं. बाल्खेन त्या दरीत कड्याजवळची वर जाणारी हवा शोधत होता. ते कुठल्या नकाशावर नव्हतं. उत्तरवारा, तुमचा ड्रायव्हर इथे कामाला आला.

मीठभाकर
हमालीच्या बाजूने एक भक्कम पुरावा देतो. १९२५, नॉर्वेचा अमुंडसेन आणि पैसा पुरवणारा अमेरिकी एल्सवर्थ. एन-२४ आणि एन-२५ ही दोन डॉर्निएर वाल विमानं. ही उडत्या होड्या, धातूचं पोट, पाण्यावर किंवा बर्फावर पोटावरच घसरत उतरायचं. वैमानिक रीसर-लार्सन आणि डीट्रिक्सन. २१ मे रोजी स्वालबार्डच्या किंग्ज बे इथून निघाली. निघतानाच एन-२४च्या पोटाचे रिव्हेट उखडले, तरी डीट्रिक्सन उडाला. ८७ अंश ४३ मिनिटांपाशी दोन्ही उतरली, वेगवेगळ्या ठिकाणी. एन-२४ कामातून गेली. सहा माणसं, एकच विमान, चहूकडे हलता बर्फ.

पुढचे साडेतीन आठवडे काय केलं? धावपट्टी बांधली. हत्यारं म्हणजे लाकडी फावडी, एक कुऱ्हाड, कमरेच्या सुऱ्या, विमान अडकवायला बर्फात रोवायचा नांगर. एक पट्टी तयार होते, बर्फ फुटतो, पट्टी जाते, दुसरीकडे परत सुरुवात. रोजचं खाणं माणशी अर्धा पौंडाच्या आसपास. हलवलेल्या बर्फाचा अंदाज ५०० टन सांगतात. शेवटी ओला भुसभुशीत बर्फ उपसण्याऐवजी पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा मार्ग सापडला. रात्रीच्या गारव्यात तो कडक होतो. साधारण ५०० मीटरची पट्टी झाली. १५ जूनला सहाही जण एका विमानात बसून, नको ते सगळं मागे टाकून उडाले.

उत्तरवारा
हेच तर म्हणतोय! फावडं मारायला वैमानिक कशाला हवा?

मीठभाकर
पट्टी कुठे मारायची, किती लांब, कुठल्या दिशेला, किती टणक झाल्यावर पुरे आणि किती वजन टाकून द्यायचं हे कोण ठरवणार? ५०० मीटरवर सहा माणसांसह ते पोट सुटेल की नाही याचा अंदाज रीसर-लार्सनलाच होता. पाय सगळ्यांचे चालले, पण कुठे तुडवायचं ते त्याने सांगितलं.

अर्धाकप
घसरगुंडीची पट्टी लागते तर मग स्की लावून काय फरक? चाकांऐवजी फळ्या, एवढंच ना?

कंदीलवाला
एवढंच नाही हो. स्की थांबली की चिकटते. उतरताना घर्षणाने तळाखालचा बर्फ किंचित वितळतो, विमान उभं राहिलं की तो गोठतो आणि फळी जमिनीला झाळल्यासारखी होते. म्हणून उतरल्याबरोबर स्कीखाली फळकुटं, पोती, काहीही सरकवायचं. विसरलात तर निघताना शेपटीला धरून विमान डावी-उजवीकडे हलवायचं, स्कीच्या कडेला लाकडी हातोडा मारायचा, इंजिन पूर्ण जोरात, आणि सुटली की थांबायचं नाही.

मग शेपूट हलवणारा माणूस आत कसा येणार? विल्किन्सला विचारा. १९२८च्या त्याच उड्डाणात शेवटी वादळामुळे स्पिट्सबर्गनजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर उतरावं लागलं, पाच दिवस अडकले. निघताना विल्किन्स खाली उतरून ढकलतो, विमान सुटतं, हा मागे राहतो, आयलसनला पुन्हा उतरावं लागतं. असं दोनदा झालं. पेट्रोल थोडंच उरलेलं. तिसऱ्यांदा विल्किन्स दारात बसून एक पाय बाहेर काढून ओंडक्याच्या आधाराने रेटत राहिला, तेव्हा कुठे जमलं.

तळाला काय लावायचं याचंही शास्त्र. १९२६ला किंग्ज बेमध्ये बर्डच्या फोकरच्या स्की मोडल्या, तेव्हा होडीच्या वल्ह्यांचं लाकूड वापरून मजबूत केल्या, आणि मेण-राळेचा लेप लावून घसरत्या केल्या. मदत करणारा नॉर्वेजियन म्हणजे हाच बाल्खेन, जो तेव्हा प्रतिस्पर्धी अमुंडसेनच्या गोटात होता.

गणिती
१९२६चा विषय निघालाच आहे तर बर्ड आणि त्याचा वैमानिक बेनेट ९ मेला उत्तर ध्रुवावर पोचलेच नव्हते. वेळ आणि वेग जुळत नाही. रोजनिशीत खोडलेल्या नोंदी सापडल्या आहेत.

शून्यखाली
वेगावरून काढलेलं अनुमान वारा किती धरता त्यावर अवलंबून आहे. त्या खोडाखोडीचेही दोन अर्थ लावतात.

संपादक मंडळ
त्या वादासाठी वेगळा धागा काढावा. इथे इंजिन गार होतंय.

पाचपेडी
विमान बांधून ठेवणं यावर कुणीच लिहिलं नाही? उडताना जितकी मोडली असतील तितकीच उभी असताना मोडली असतील.

गणित असं की ही विमानं ताशी ८०-१०० किलोमीटरला जमीन सोडतात. वादळ ताशी १३०चं आलं तर बांधलेलं विमान आपोआप उडायला बघतं, वैमानिक असो वा नसो. नुसता खुंटा बर्फात टिकत नाही. त्यामुळे हातभर-कमरभर खड्डा खणून त्यात ओंडका किंवा बर्फाने भरलेलं पोतं आडवं गाडायचं, दोरी त्याला बांधून वर आणायची, खड्डा तुडवून भरायचा, शक्य असेल तर पाणी ओतायचं. रात्रीत दगडासारखा होतो. नाक वाऱ्याकडे. पंखावर आडव्या फळ्या बांधल्या की उचल मोडते. वाऱ्याच्या बाजूला बर्फाच्या विटांची भिंत, पण विमानाला चिकटून नको, नाहीतर भिंतीच्या आडोशाला बर्फ साचून विमानच गाडलं जातं.

हे माहीत असूनही मार्च १९२९मध्ये रॉकफेलर पर्वतांपाशी बर्डच्या मोहिमेचं फोकर गेलं. भूवैज्ञानिक गूल्ड, बाल्खेन आणि हॅरल्ड जून तिथे होते. वाऱ्याने बांधलेलं विमान उपटून सुमारे अर्ध्या मैलावर नेऊन आपटलं. माणसं वाचली, त्यांना न्यायला दुसरं विमान यावं लागलं.

तेलपाना
यावर सगळ्यात सुंदर उत्तर एल्सवर्थच्या 'पोलर स्टार' विमानाचं. नॉर्थ्रोप गॅमा, पंख खालच्या बाजूला. उतरल्यावर स्कीसाठी बर्फात दोन चर खणायचे आणि विमान पुढे सरकवून चरांत उतरवायचं. पंख सपाट बर्फावर टेकतात, खालून वारा शिरायला फटच नाही. ज्याने हे विमान निवडलं त्याला वाऱ्याने धडा शिकवलेला होता.

शून्यखाली
पोलर स्टारचं कौतुक चालू आहे तर १९३४चंही सांगा. अंटार्क्टिकाजवळच्या डिसेप्शन बेटावर साठवणीचं तेल सिलिंडरमधून नीट न काढता इंजिन फिरवलं गेलं. गोल इंजिनात, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या इंजिनात, खालच्या सिलिंडरमध्ये तेल साचतं, आणि तेल दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, वाट नाही, कनेक्टिंग रॉड मोडतो. सुटा भाग जहाजावर नव्हता, तो आणायला जहाज चिलीतल्या मॅगेलानेसला गेलं. टाळायला काय लागतं? खालचे प्लग काढून पंखा हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. दहा मिनिटांचं काम, आणि मोसमातले मोलाचे दिवस गेले.

फुलपात्र
तेलोबाचा कोप. कमी असलं तरी मारतो, जास्त असलं तरी मारतो.

दक्षिणकडा
त्याच मोसमात पुढे जे झालं त्यात मूळ प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. ३ जानेवारी १९३५ला स्नो हिल बेटावरून बाल्खेन एल्सवर्थला घेऊन निघाला. अंटार्क्टिका आरपार ओलांडायचा बेत. पुढे हवा खराब दिसली, बाल्खेनने विमान वळवलं आणि परत आणलं. एल्सवर्थचे पैसे, एल्सवर्थचं विमान, एल्सवर्थचं स्वप्न, आणि त्याला विचारलंही नाही. ड्रायव्हर असा मालकाला घरी आणून सोडत नाही.

गणिती
मला तो भित्रेपणा वाटतो. पुढच्या मोसमात वैमानिक हॉलिक-केन्यनने त्याच विमानात, त्याच मालकाला घेऊन ओलांडलंच की.

पाचपेडी
हॉलिक-केन्यननेही २१ नोव्हेंबर १९३५ला हवा बघून विमान अर्ध्यातून फिरवलं होतं, हे विसरू नका. २३ला डंडी बेटावरून तिसऱ्यांदा निघाले तेव्हा जमलं.

आणि 'जमलं' म्हणजे काय बघा. अंदाज होता १४ तासांचा. हवा बिघडली की हॉलिक-केन्यन खाली उतरायचा आणि वाट बघायचा. चार वेळा उतरला. एकदा अर्ध्या तासाच्या उड्डाणानंतर तीन दिवस मुक्काम, एकदा तासाभराच्या आत उतरून वादळात आठवडाभर. रेडिओ बंद पडलेला. त्यामुळे जग समजत होतं की दोघे मेले. ५ डिसेंबरला पेट्रोल संपलं, लिटल अमेरिका सुमारे १६ मैलांवर. तळ बर्फाखाली गाडलेला, तो सापडेपर्यंत १५ डिसेंबर उजाडला. जानेवारीत डिस्कव्हरी-२ जहाजाने उचललं.

दक्षिणकडा
@गणिती, दोघांची समस्या एकच, उत्तरं दोन. बाल्खेन 'आज नाही' म्हणत मागे फिरला, हॉलिक-केन्यन 'आता नाही' म्हणत खाली बसला. खाली बसायला सपाट बर्फ दिसला पाहिजे, आणि ढगाखाली पांढऱ्यावर पांढरं असेल तर तो दिसत नाही. सावली नसली की पाच फुटांवर आहात की पन्नास हे डोळ्याला कळत नाही. अशा वेळी काळं काहीतरी आधी खाली टाकून मग त्याच्या आधाराने उतरायचं, किंवा अगदी हळूहळू, इंजिन चालू ठेवून, स्की टेकेपर्यंत उतरत राहायचं. खाली सास्त्रुगी, म्हणजे वाऱ्याने कोरलेले, दगडासारखे टणक बर्फाचे वरंबे असतील तर स्कीचे पाय मोडतात. बाल्खेनसमोर त्या दिवशी नेमकं काय होतं ते त्यालाच दिसत होतं. घरबसल्या भित्रा म्हणणं सोपं आहे.

गणिती
'भित्रा' मागे घेतो. 'अतिसावध' म्हणतो.

अर्धाकप
अवांतर: आपल्या मोहिमांत हे सगळं अजूनही असतं का?

कंदीलवाला
बरंच बदललं. पहिली भारतीय मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहून निघाली, तेव्हा सोबत नौदलाची चेतक हेलिकॉप्टरं होती. म्हणजे पिस्टन जाऊन टर्बाइन आलं होतं. टर्बाइनला तेल पातळ लागतं आणि थंडीत ते तुलनेने सहज पेटतं. आता वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची माणसं मैत्रीला, म्हणजे अंटार्क्टिकातल्या भारतीय तळाला, जाताना केपटाउनहून विमानाने नोवो या रशियन तळाजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवरही उतरतात. तिथून आतल्या भागात जाणाऱ्या विमानांत बास्लर बीटी-६७ असतं, म्हणजे जुन्या डीसी-३ विमानालाच टर्बाइन बसवलेलं. पण इंजिनावर झूल घालणं, उडण्याआधी गरम हवा सोडणं आणि विमान बर्फाला बांधणं हे आजही चुकलेलं नाही.

उत्तरवारा
बरं. 'बिनकामाचा' हा शब्द परत घेतो. 'हमाल' ठेवतो, कारण तुम्हीच सगळ्यांनी तो सिद्ध केलात. पण श्रेयाचा मुद्दा उरतोच. बर्डचं नाव, एल्सवर्थचं नाव, विल्किन्सचं नाव. बाल्खेन, हॉलिक-केन्यन, आयलसन तळटीपेत.

मीठभाकर
पैसे ज्याने उभे केले त्याचं नाव, हा नियम जहाजांच्या काळापासूनचा. विमानामुळे फक्त तो जास्त खटकतो, कारण जहाज एकटा माणूस हाकत नाही.

तेलपाना
आयलसन तळटीपेत नाही, अलास्कात हवाई दलाचा एक तळ त्याच्या नावाचा आहे. मात्र तो गेला १९२९च्या नोव्हेंबरमध्ये, ध्रुव गाठताना नाही, तर सैबेरियाच्या किनाऱ्याला बर्फात अडकलेल्या नानुक जहाजावरून माणसं आणि फरचा माल आणण्याच्या फेऱ्यांत. मेकॅनिक अर्ल बोरलंडही सोबत गेला. भाड्याचंच काम होतं.

अर्धाकप
पोलर स्टारबद्दल एक राहिलं. आठवडाभर वादळात उभं होतं तर बर्फ आत शिरला नाही?

शून्यखाली
शिरला ना. पिठासारखा बारीक बर्फ कुठल्याही फटीतून शेपटीकडच्या पोकळीत जाऊन बसतो. तो तसाच ठेवून उडालात तर शेपूट जड, नाक वर, विमान हातात राहत नाही. बर्डच्या दुसऱ्या मोहिमेतलं ऑटोजायरो (डोक्यावर फिरती पाती असलेलं विमान) १९३४ला असंच शेपटीत साचलेल्या बर्फाने आपटलं. पोलर स्टारमध्ये एल्सवर्थने आत सरपटत जाऊन तो बर्फ चहाच्या पेल्याने उपसला. फावडं आत मावत नव्हतं. पोलर स्टार आता वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमच्या संग्रहात आहे. फोटो बघाल तर नाकाकडे बघू नका, मागे शेपूट कुठे निमुळतं होतं ते बघा, आणि तिथे माणूस पेला घेऊन कसा शिरला असेल त्याचा अंदाज करा.